धुऱ्यापासून तीन फूट

आमच्या गल्लीत आजही कोणी परसात न्हाणी काढली, गाईसाठी खोपट टाकलं किंवा कारल्याच्या वेलाला मांडव घातला, की खड्डा खणायच्या आधी माझ्याकडे येतो. "भाऊ, बाजूवाल्यापासून किती सोडा लागते?" मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मधल्या काळात नियम किती वेळा बदलले ते माझ्याही लक्षात नाही. मी म्हणतो, "नगरपालिकेत जाऊन विचारा." माणूस नाराज होऊन जातो. म्हाताऱ्याला शिकल्याची घमेंड आहे, असं मागून म्हणत असतील. घमेंड नाही. या एका प्रश्नाचं उत्तर मी पंचविशीत फार खात्रीने दिलं होतं. त्याचा शीण अजून उतरलेला नाही.

माझे वडील डोणगावकडच्या एका खेड्यात थोडीशी कोरडवाहू जमीन कसायचे. घरात सही करता येणारा माणूस मी पहिला, आणि बी.ए. झालेला तर पंचक्रोशीत पहिल्या चार-पाचांतला. तालुक्याच्या गावी बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो, अकोल्याला कॉलेज केलं, आणि परत त्याच तालुक्याच्या गावी नगरपालिकेत बांधकामाच्या टेबलावर कारकून म्हणून लागलो. लोक नगरपालिकेला तेव्हा कमेटीच म्हणत. महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या कपाटातले नियम मात्र अजून नागपूर राजधानी होती त्या जमान्यातले होते, काही इंग्रजीत, काही हिंदीत. वरून कागद आला की यापुढे कारभार मराठीत करायचा आणि जनतेला लागणारे नियम मराठीत करून बोर्डावर लावायचे.

साहेबांची जागा त्या वेळी रिकामी होती. चार्ज बडे बाबूंकडे होता. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. टेबलावरच्या लाकडी फूटपट्टीचा उपयोग ते मुख्यतः पाठ खाजवायला करत. त्यांनी इंग्रजी नियमांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"तू बी.ए. हायेस ना बे?"

"हो."

"मंग हे मराठीत कर."

"बडे बाबू, ही कायद्याची भाषा आहे. माझा विषय इतिहास होता."

"इतिहासात राजे एकमेकायच्या हद्दीत घुसत होते का नाई? हे तेच हाये. फक्त इथं न्हाण्या घुसतात."

त्या गठ्ठ्यात एक लहानसं कलम होतं. घरामागच्या मोकळ्या जागेत कोणी मांडव, खोपट किंवा तसलंच हलकं काम केलं, ते आठ फुटांपेक्षा उंच नसलं आणि शेजारच्या बाउंडरीपासून तीन फूट सोडून असलं, तर त्याला परवानगी लागत नाही. तीन फूट सोडलं नाही तर पाडावं लागतं. एवढंच. बाकी सगळं मराठीत पटापट उतरलं. बाउंडरीला मात्र अडलो.

सीमा लिहावं, तर त्या दिवसांत सीमा म्हटलं की लोकांना सरहद्दीवरचे जवान आठवत. हद्द लिहावं, तर आमच्या गावात हद्द म्हणजे कमेटीची हद्द, जिथं जकात नाका होता. एखादा सरळ माणूस नाक्यापासून तीन फूट मोजायचा. मी दोन दिवस विचार केला. बोर्ड वाचणारे लोक कोण होते? आठवडी बाजाराला आलेले, नव्या वस्तीत प्लॉट घेऊन राहायला आलेले, कालपर्यंत शेतात राबणारे. माझ्या वडिलांसारखे. वडिलांना कळेल असा शब्द लिहायचा, असं मी ठरवलं. आणि लिहिलं: धुरा.

आमच्याकडे दोन शेतांच्या मधे जी न नांगरलेली पट्टी सोडतात, तिला धुरा म्हणतात. तिच्यावर बोरीबाभळी असतात, गवत वाढतं, पायवाट असते. धुरा कुठं दोन हात रुंद, कुठं चार. अर्धा इकडच्याचा, अर्धा तिकडच्याचा. हद्द त्याच्या मधोमध, हे कोणी कोणाला शिकवत नाही. ते चालता-चालता कळतं. मलाही तसंच कळलेलं होतं. म्हणून 'धुऱ्यापासून तीन फूट' असं लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे धुऱ्याचा मध्य होता, आणि तो कागदावर लिहायला हवा असं मला सुचलंच नाही.

बडे बाबूंनी वाचलं. "धुरा! हे बेस केलं. नाईतर ते सीमांकन-फिमांकन कोणाले समजलं असतं?" मला त्या दिवशी फार बरं वाटलं. कमेटीच्या सभेत नियम एका आवाजात मंजूर झाले. सभासदांपैकी किती जणांनी वाचले होते कोण जाणे. माझ्या अक्षरातला कागद बाहेरच्या बोर्डावर लागला.

तो कागद ज्यांनी पहिल्यांदा माझ्याकडून वाचून घेतला, त्यांत मावशी होती.

मावशी माझ्या आईच्या माहेरगावची, म्हणून मावशी. नवरा-बायको दोघंही गावाला लागून असलेल्या एका मोठ्या शेतावर सालदार होती. नवरा गेला, पुढे त्या शेताचे प्लॉट पडले, आणि मालकाने इमानाला जागून कोपऱ्याचा एक प्लॉट तिला दिला. बोर्डिंगात असताना रविवारी मी तिच्याकडे जेवायला जात असे. तिची ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन मी मॅट्रिक झालो असं म्हटलं तर वावगं होणार नाही. तिने जाईचा एक वेल लावला होता. तो बोरीवर चढला होता आणि फुलं काढताना तिचे हात काट्यांनी ओरबाडत. ती पहाटे फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची, हार-गजरे करून देवळापाशी आणि बाजारात विकायची. त्यावर तिचं चालायचं.

"मले मांडव घालाचा हाये," ती बोर्डापुढे उभी राहून म्हणाली. "चांगल्या बल्ल्यायचा. वरतं वेल, खालतं टिनाची खोपी. फुलं सावलीत राह्यतीन. काय लिहलं हाये तं वाच."

मी वाचलं. धुऱ्यापासून तीन फूट.

"हे लिहलं कोणं?"

"मी लिहिलं, मावशी."

तिने त्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण माझं अक्षर ती ओळखायची. तिची पत्रं मीच लिहायचो. "हाव, तुह्या अक्षराच्या माना लांब असतात." मग म्हणाली, "तू लिहलं ना? मंग बरोबर असन."

पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन जागा दाखवली. तिच्या प्लॉटच्या मागे जुना धुरा तसाच होता, चांगला चार फूट रुंद. मधले हद्दीचे दगड प्लॉट पाडताना कोणाच्या तरी घराच्या पायात गेले होते. मी धुऱ्याच्या मधोमध उभा राहिलो, तिथून तीन फूट मोजले आणि टाचेने खूण केली. ती खूण धुऱ्याच्या कडेपासून एक फुटावर आली. तिथं तिने मांडवाची पहिली लाकडी बल्ली रोवली. बल्लीला हळदकुंकू लावलं आणि मला गुळाचा खडा दिला.

दोन वर्षांत तो मांडव असा भरला की उन्हाळ्यातही खाली गारवा असे. वेलाचं खोड माझ्या मनगटाएवढं झालं. पऱ्हाट्यांचा कूड करून तिने खोपीला तीन बाजूंनी आडोसा केला. आत पाण्याचा रांजण, फुलांच्या टोपल्या, हार ओवायला बसायचं बारदान. श्रावणात तर सकाळी मांडवाखाली पाय ठेवायला जागा नसे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ती सांगायची, "कमेटीचा नियम पाहून घातला. आमच्या पोरानं लिहला हाये तो नियम."

त्यानंतर धुऱ्यापलीकडचा प्लॉट विकला गेला. तहसिलीतून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार तिथं घर बांधून आले. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले होते, एवढाच दोष. धुऱ्याच्या त्यांच्या बाजूच्या कडेला त्यांनी आवाराची भिंत घातली, आणि पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली. ती मांडवामुळे आली असं त्यांनी धरलं. मावशी रोज सकाळी पळसाच्या पानात पूजेची फुलं भिंतीवर ठेवायची. ते ती घ्यायचे, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिच्या मांडवाविरुद्ध अर्ज केला. मावशीने त्यानंतरही फुलं ठेवणं सोडलं नाही. त्यांनीही घेणं सोडलं नाही.

तोवर आमच्याकडे नवे मुख्याधिकारी आले होते. पुण्याकडचे. स्वच्छ, शांत, कामाचे. अर्ज वाचून त्यांनी मला बोलावलं.

"हे काय आहे? 'धुऱ्यापासून तीन फूट'? धुरेपासून म्हणायचंय का?"

"नाही साहेब, धुराच. धुऱ्यापासून."

"अहो, धुरा खांद्यावर घेतात. कारभाराची धुरा. तिच्यापासून फूट कसे मोजणार?"

बडे बाबू मागून म्हणाले, "साहेब, इकडं धुरा खांद्यावर नाई, पायाखाली असतो. बांध म्हणा ना."

"बांध. मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "चला, जागा पाहू."

बांध म्हटल्याने साहेबांच्या डोळ्यांपुढे मातीचा उंचवटा आणि त्याची कड आली, म्हणून सगळं बिघडलं, असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगत होतो. ते खरं नव्हतं. बिघडलेलं आधीच होतं.

आम्ही गेलो तेव्हा शिरस्तेदार आपल्या भिंतीपलीकडून हातात अर्जाची नक्कल घेऊन उभे होते. मावशी मांडवाखालून उठून आली. तिच्या हाताला ओली फुलं चिकटलेली होती. साहेबांनी फीत काढली आणि तिचं एक टोक मला धरायला दिलं.

"कुठून धरू, साहेब?"

शिरस्तेदार म्हणाले, "साहेब, मी कायदा केलेला नाही. बोर्डावर लावलाय तोच वाचतो. धुऱ्यापासून तीन फूट. हा धुरा. त्याची ही बाईंकडची कड. इथून मोजा."

मावशी म्हणाली, "काऊन बाप्पा, तिथून काऊन? अर्धा धुरा माहा हाये ना. बावीस वर्सं ह्या धुऱ्यावरचं गवत कापलं म्या, तवा अर्धंच कापलं. पल्याडच्या अर्ध्याले इळा लावला नाई."

"गवताचं कलम नाही त्यात, बाई."

"तुमच्यात नसन. धुऱ्यात हाये."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. म्हणाले, "बाई, मला नियमात लिहिलंय तेवढंच पाहावं लागतं. मध्यापासून असं कुठं लिहिलेलं नाही." मग ते माझ्याकडे वळले. "हा मसुदा कोणी केला होता?"

फितीचं टोक माझ्या हातात होतं. मावशी माझ्याकडे बघत होती, शिरस्तेदार बघत होते. मला नोकरीत कायम व्हायला चार महिने होते. मनात सगळं स्पष्ट होतं: मी केला, साहेब, माझ्या मनात मध्य होता, मी लिहायचा चुकलो. एका दमात सांगून झालं असतं.

"कार्यालयाने, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली. मी फितीचं टोक कडेला धरलं. एक फूट भरला. दोन फूट कमी.

 मावशी खाली बसून टोपलीतली फुलं निवडू लागली. गावभर माझं नाव सांगणारी ती बाई त्या वेळी एका शब्दाने म्हणाली नाही की हा नियम ह्यानेच लिहिलाय.

नोटीस लिहिण्याचं काम बांधकामाच्या टेबलाचं, म्हणजे माझंच. पंधरा दिवसांत सदरहू मांडव व खोपट काढून घ्यावे, अन्यथा नगरपालिका ते काढील. शिपाई ती देऊन आला, आणि दुसऱ्या दिवशी मावशी ती घेऊन कार्यालयाच्या ओसरीवर आली. कागद पळसाच्या पानात गुंडाळला होता, हाताची ओल लागू नये म्हणून.

"वाच," ती म्हणाली.

मी माझीच नोटीस तिला वाचून दाखवली. 'अन्यथा'पाशी माझा आवाज खाली गेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पंधरा दिस म्हणजे श्रावण अर्धा होईन."

"मावशी, मी काहीतरी करतो."

"तू काय करशीन? तू आपलं काम कर." आणि कागद परत पानात गुंडाळून ती गेली.

मी त्याच दिवशी शुद्धिपत्राची टिप्पणी लिहिली. नियमातील 'धुऱ्यापासून' या शब्दाचा अर्थ धुऱ्याच्या मध्यापासून असा अभिप्रेत होता. मसुदा करताना तो लिहिण्याचे माझ्याकडून राहून गेले. खाली माझी सही. बडे बाबूंना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि फूटपट्टी खाली ठेवली.

"हे शुद्धिपत्र नाई बे, कबुलीजबाब हाये. सायब विचारतीन, त्या दिवशी जागेवर काऊन नाई सांगतलं? मंग काय सांगशीन?"

"खरं सांगेन."

"खरं सांगाची येळ होती ते गेली. आता सांगशीन तं दोन चुका होतात. एक शब्दाची अन् एक तोंडाची." मग जरा नरम आवाजात म्हणाले, "कायम होऊन जाय. चार महिन्यानं दे. मांडव चार बल्ल्यायचा हाये, पुन्हा उभा होते."

ते मला वाईट सल्ला देत नव्हते. त्यांनी माझ्यासारखे कितीतरी कारकून पाहिले होते. आणि मी कोणाच्या जिवावर इथवर आलो होतो तेही मला दिसत होतं. वडिलांनी एक बैल विकून मला कॉलेजात घातलं होतं. आता त्यांच्या सगळ्या आशा माझ्या कायम होण्यावर होत्या. मी टिप्पणी खिशात ठेवली. रोज साहेबांच्या दारापर्यंत जायचो आणि दुसराच कागद सहीला ठेवून परत यायचो. खिशात घामाने शाई पसरली, म्हणून ती पुन्हा लिहिली. ती पुन्हा पसरली. या काळात मावशीच्या घराकडे मी फिरकलो नाही. देवळाच्या रस्त्याने जायचंही टाळलं.

अकरावा दिवस शनिवार होता. अर्धा दिवस कचेरी. दुपारी सगळे उठायच्या बेतात असताना मी आत गेलो आणि टिप्पणी साहेबांपुढे ठेवली. का त्या दिवशीच, ते मला सांगता येणार नाही. धीर आला असं मुळीच नाही. मी टाळून-टाळून दमलो होतो, एवढंच.

साहेबांनी वाचलं. "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"भीती वाटली, साहेब."

"कशाची?"

"अजून कायम नाही मी."

ते काही वेळ दुसऱ्याच कागदांवर सह्या करत राहिले. मग माझी टिप्पणी ओढून घेतली आणि समासात लिहिलं: नोटिशीची कार्यवाही स्थगित. शब्द पुढील सभेपुढे ठेवावा. "शब्द तुमचाच ठेवा," ते म्हणाले, "लोकांना कळतो म्हणता ना? पण त्याचा मध्य लिहा. आणि पुढच्या वेळी मी विचारीन तेव्हा 'कार्यालयाने' म्हणू नका. कार्यालयाला हात नसतात."

मी तिथून जवळजवळ पळतच निघालो. देवळाचा रस्ता, मग प्लॉट. अंगात इतक्या दिवसांनी जरा हलकं वाटत होतं. आधी मला भिंत दिसली. शिरस्तेदारांची भिंत, सगळीच्या सगळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती आजवर मला कधी दिसली नव्हती, कारण मधे मांडव असायचा.

बल्ल्या उपटून एका बाजूला रचलेल्या होत्या. टिन भिंतीला लावून ठेवलं होतं. आणि वेल गुडघ्याएवढा ठेवून कापलेला. बाकीचा सगळा वेल कळ्यांसकट अंगणात ढिगाऱ्यात पडला होता, आणि त्या ढिगाऱ्यातून अजून वास येत होता. जाईची छाटणी थंडीत करतात. ऐन श्रावणात ती कोणी करत नाही. पण मांडवावर गुंतलेला वेल न कापता उतरतही नाही.

मावशी दोन फूट आत नवे खड्डे खणत होती. मला पाहून ती सब्बल टेकून उभी राहिली.

"मावशी, हे कधी काढलं?"

"आज सकाळीच. मजूर भेटला."

"अजून चार दिवस होते ना. अन् नोटीस रद्द होऊन राह्यली आहे. मी साहेबांना सांगून आलो. चूक माझी होती, मी लिहायला चुकलो होतो. तुझा मांडव बरोबर जागी होता."

ती खड्ड्यातली माती हाताने काढू लागली. तिला राग येईल असं वाटलं होतं. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "मांडव कुठी पायजे ते धुऱ्याले माईत, मले माईत. पण तू त्या दिशी साह्यबापुढं बोलला नाई. तवाच मले समजलं, हे तुह्या लिहण्यावर आलं हाये. म्हणलं, आपला मांडव काय, दोन फूट आत घेता येते. गावात म्या सांगून ठेवलं, नियम आमच्या पोरानं लिहला. तो खोटा पडला तं लोक काय म्हणतीन?"

"अगं, पण तो चुकलाच होता."

"मले कोणं सांगतलं ते?" ती पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात म्हणाली. "तू तं अकरा दिस आला नाई."

 मी सब्बल घेतली आणि उरलेला खड्डा खणला. पलीकडून शिरस्तेदार भिंतीवर आले. त्यांनी कापलेला वेल पाहिला आणि हातातलं पळसाचं रिकामं पान नकळत मागे घेतलं. म्हणाले, "मी वेल काढा असं लिहिलं नव्हतं हो. वेल बांधकामात येत नाही." ते बरोबरच होतं. नियमात वेल कुठंच नव्हता.

त्या श्रावणात मावशीने बाजारातून दुसऱ्यांची फुलं आणून हार केले. कापलेल्या खोडात पावसाचं पाणी मुरलं आणि ते काळं पडलं. दसऱ्यापर्यंत आम्ही वाट पाहिली. त्याला फूट आली नाही. पुढे शिरस्तेदारांनीच, मावशीने कधीतरी दिलेल्या फांदीचा त्यांच्या आवारात जो वेल झाला होता, त्याची एक रुजलेली फांदी काढून दिली. तिला मांडव भरायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं मावशी दुसऱ्यांची फुलं ओवत होती.

सभेत दुरुस्ती मंजूर झाली. मीही कायम झालो. साहेबांनी माझ्याविरुद्ध एक ओळ लिहिली नाही, याचा मी आजही ऋणी आहे. दुरुस्त नियम बोर्डावर लावला त्या दिवशी मी मावशीला बोलावून आणलं. तिला म्हटलं, आता तू मांडव पुन्हा जुन्या जागी घेऊ शकतेस, ते दोन फूट तुझेच आहेत.

"राहू दे," ती म्हणाली. "कागद फिरला म्हणून मी किती डाव फिरू?"

तो मांडव ती असेपर्यंत त्या आतल्या जागीच राहिला. मांडव आणि धुरा यांच्यामधे ती मोकळी पट्टी तशीच पडून असे. तिने तिथं झेंडूसुद्धा लावला नाही.

त्या दिवशी बोर्डापुढे ती थोडी आणखी थांबली. "वाच तं खरं, आता काय लिहलं ते."

मी वाचलं: "परसातील मांडव, खोपट किंवा तत्सम हलके काम, लगतच्या दोन जागांमधील धुऱ्याच्या मध्यापासून तीन फूट सोडून करावे."

तिने कागदावरच्या अक्षरांकडे पाहिलं. लांब माना ओळखल्या.

"हे कोणं लिहलं?"

"मीच लिहिलं, मावशी."

"साह्यबाले सांगतलं, तू लिहलं म्हणून?"

"सांगितलं."

"मंग बरोबर असन," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन देवळाकडे गेली.